श्रावणबाळाचा खांदा

दिवाळीच्या फराळाशी हा विषय काढला म्हणून वाचकांनी रागावू नये. घरची सारी माणसे एकत्र येतात ती याच दिवसांत. आणि कोण काय विसरू लागले आहे, हे ध्यानी येते तेही याच दिवसांत.

आमच्या नात्यातल्या एक आत्याबाई धुळ्यास असतात. चाळीस वर्षे ज्या घरात नांदल्या, त्याच घराच्या ओट्यावर बसून त्या म्हणतात, "माले घर जानं शे." सून त्यांना गल्लीतून एक फेरी मारून आणते आणि घर आले म्हणून सांगते. अशा फेऱ्या दिवसातून सहा-सात होतात. एका पाहुण्याने तिला विचारले, "त्यांच्या काही लक्षात राहत नाही, मग एवढे कशाला?"

प्रश्न कठोर आहे, पण टाळण्याजोगा नाही. तथापि सावकार विसरला म्हणून ऋणको सुटत नाही. याच धुळ्याने इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली वारल्यावर त्यांची जीर्ण दप्तरे जपण्यासाठी संशोधन मंडळ उभे केले. कागदांनी कोणाचे आभार मानले नाहीत.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीप्रमाणे भारतात साठीपुढच्या दर शंभरांत सातांहून अधिक माणसांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना, स्मृतिभ्रंश आहे. जळगाव-धुळ्याच्या आरोग्यखर्चात त्यांचा वाटा किती असावा? बरे न होणाऱ्यावर खर्चण्यापेक्षा तो पैसा बाळंतिणीच्या खाटेला द्यावा, असे कोणी म्हणेल. ती खाट काढून घ्या, असे मीही म्हणणार नाही. परंतु या हिशेबात आजारी एकच धरला जातो. झिजणारी माणसे दोन असतात. सुनेची बुडालेली मजुरी आणि मोडलेली झोप कोणत्याच खात्यावर पडत नाही, म्हणूनच घरची शुश्रूषा सरकारला स्वस्त वाटते.

आपल्या राज्यात गरीब वृद्धांसाठी श्रावणबाळ योजना आहे. २०२३ साली तिची रक्कम दरमहा १५०० रुपये झाली. नाव सुंदर आहे, पण ती कथा आठवून पाहा. कावड वाहणारा एकटाच होता. तो पडला, आणि आंधळे आईबाप पाण्यावाचून राहिले. म्हणून मला वाटते, पैशाबरोबर तालुक्याला एक अशी जागा हवी, जिथे आठवड्यातून दोन दिवस म्हाताऱ्या माणसाला विश्वासाने ठेवता येईल. आणि विसराळूपणा व आजार यांतला फरक ओळखणारी आशाताई गावोगाव हवी. केरळ सरकारने २०१४ साली या कामाला हात घातला. आपल्याला ते अवघड का वाटावे?

पालखीला वाटेत खांदेपालट असतो. मग कावडीलाच तो का नसावा?