थंडीचा हिशेब

डिसेंबरच्या पहाटे कल्याणात पारा चौदा-पंधरावर आला की फलाटावर कानटोप्या दिसू लागतात. सफरचंदाच्या झाडाला ही थंडी थंडीच वाटत नाही. ते मोजतं ती साधारण सात अंशांखालची. काश्मीरकडच्या नेहमीच्या जातींना अशा थंडीचे हजारभर तास अंगावरून गेल्याखेरीज नीट फुलता येत नाही. यात जुना शहाणपणा आहे. जानेवारीत चार दिवस ऊन पडलं म्हणून झाड फुललं, तर पुढच्या हिमात सगळा मोहर करपायचा. म्हणून ते उबेवर लगेच भरवसा ठेवत नाही.

हाच सावधपणा कल्याणच्या परसात अडसर होतो. हिवाळा संपल्याची खात्री पटायला आधी तो सुरू तर व्हायला हवा! पालवी अर्धवट फुटते, फुलांचा पत्ता नसतो.

हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातलं पनियाला गाव जेमतेम अठराशे फुटांवर, सफरचंदाच्या दृष्टीने गरमच. तिथल्या हरिमन शर्मांनी १९९८ साली खाऊन उरलेल्या सफरचंदांच्या बिया परसात टाकल्या. त्यातून एक रोप आलं आणि २००१ मध्ये त्याला फळं धरली. त्याच्या काड्यांवरून कलमं बांधली गेली, ‘एचआरएमएन-९९’ ही जात देशभर पोचली, महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांनीही लावली. २०२५ मध्ये शर्मांना पद्मश्री मिळाली. जाणकार सांगतात, सफरचंदाचं बी लावू नका, आईचे गुण उतरत नाहीत. खरंच आहे ते. पण हे झाड नावाजलं, ते आईचा थंडीचा हिशेब त्याच्यात उतरला नाही म्हणूनच.

कल्याणात तरी मूळचे कल्याणकर किती? कोकणातून, खानदेशातून, घाटावरून आलेल्या प्रत्येकाला गावची एखादी सवय वेशीबाहेर ठेवावी लागली. कोणती ठेवायची, हे आधी कुणी सांगत नाही.

जावा बेटावर बातू या डोंगराळ गावी तर वेगळीच युक्ती. तिथे हवा गार, पण हिवाळा असा नाहीच. फळं उतरली की माणसं हातांनी झाडाची पानं काढून टाकतात. झाड झोपी जाण्याआधीच पुन्हा फुटतं आणि वर्षातून दोनदा फळतं. आपल्या डाळिंबवाल्यांना यात नवल वाटणार नाही. पाणी तोडून ताण द्यायचा, पानगळ करायची आणि हवा तेव्हा बहार धरायचा, हे त्यांचं नेहमीचंच. बंगल्याच्या आवारात सफरचंदाचं कलम लावणाऱ्यानेही डिसेंबरात पाणी कमी करून, पानं काढून हलकी छाटणी करून पाहावी. चांगलं हिरवंगार झाड असं बोडकं करायला हात धजत नाही, हीच खरी अडचण.

लवकर पिकणारी जातच इथे हवी, कारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस दाराशी येतो आणि दमट हवेत फळ डागाळतं. त्याच्या आत उतरवलेलं सफरचंद गोड लागेल. लाली मात्र बेताचीच, तिला गार रात्री लागतात. आणि काश्मिरी पेटीसारखं ते टिकणारही नाही. त्यातून त्याच आठवड्यात घरात हापूसची शेवटची पेटी उघडलेली असणार. तेव्हा या पिवळट पाहुण्याकडे मुलं वळून तरी बघतील का, याची मला शंकाच आहे.