ताटातलं देणं

रिकामं ताट परत करायचं नाही, हा आमच्या घरचा कायदा. त्यामुळं नाताळ आला की माझी पंचाईत होते. दिव्यात आमच्या समोरच राहणाऱ्या आंटी मूळच्या गोव्याच्या. त्यांच्याकडून लेसच्या रुमालाखाली कुलकुल, नेवऱ्या आणि केक येतो. नेवरी म्हणजे आपल्या करंजीची सख्खी बहीण. कुलकुल म्हणजे फणीवर वळलेली शंकरपाळी. केक मात्र आमच्या नात्यातला नव्हे, तो रमच्या घराण्यातला!

यंदा ठरवलं, ताटात नुसती साखर नको, नानखटाई घालू. काजू, बेदाणे, टूटीफ्रूटी असा सकाळच्या लोकलसारखा भरणा केला. ओव्हन नाही, म्हणून कुकरात मीठ पसरलं, शिट्टी आणि रिंग काढली. पहिला घाणा खालून जळाला, दुसरा जमला. लगेच ताट पोचतं केलं. म्हटलं, सुटलो एकदाचा!

गोम इथंच आहे. आंटींनी दिलं ते सण म्हणून; मी दिलं ते ताट आलं म्हणून. मग हे देणं, की फेडणं? दिवाळीचा फराळ आधी आमचा जातो, तेव्हा त्याही फेडतातच का? अशानं शेजारधर्म म्हणजे वाण्याची वहीच व्हायची!

आंटी म्हणाल्या, "एवढी घाई कसली हो? मुलं सगळी परदेशात. ताट न्यायला म्हणून आले असते, घटकाभर बसले असते."

मी गप्प.

सुदैवानं रुमाल आमच्याकडंच राहिला होता. तो मी अजून परत केलेला नाही. काही देणी थकलेलीच बरी.