पदपथावरची मोटार आणि तिच्यावरचा ओरखडा

समजा, सिल्वासा शहरातील डोकमर्डी भागात संध्याकाळच्या वेळी एक कामगार हातात सायकल धरून घरी चालला आहे. सायकलच्या कॅरिअरला लोखंडी खाटेची चौकट बांधलेली आहे. वाटेत पदपथावर एक नवी मोटार उभी आहे. भिंत व मोटार यांच्यामध्ये जेमतेम दोन हात जागा, आणि खाली रस्त्यावर ट्रकांची धावपळ. बिचारा त्या फटीतून सायकल काढू पाहतो आणि चौकटीचा कोपरा घासून मोटारीच्या दारावर लांबलचक ओरखडा उठतो. मालक धावत येतो व म्हणतो, "भरपाई दे." कामगार म्हणतो, "साहेब, माणसांच्या वाटेत गाडी लावलीच का?"

वाचकहो, या दोघांपैकी खरे कोणाचे?

पहिल्यांदा मालकाकडे पाहू. पदपथ पायी चालणाऱ्यांसाठी आहे. तेथे वाहन उभे करण्यास वाहनचालनाच्या २०१७ च्या नियमांनी मनाई केली आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या १२२ व्या कलमाप्रमाणे इतरांना धोका, अडथळा किंवा गैरसोय होईल अशा रीतीने गाडी सोडून जाणे गैर आहे. सार्वजनिक वाट अडविणाऱ्यास पूर्वी भारतीय दंड संहितेत २०० रुपयांपर्यंत दंड होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो ५००० रुपयांपर्यंत आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर सांगितले की, चालण्याजोगा पदपथ मिळणे हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे.

येथे आणखी एक गोष्ट आठवते. मुंबईच्या पदपथांवर झोपड्या बांधून राहणाऱ्यांचा खटला १९८५ मध्ये याच न्यायालयाने निकालात काढला. उपजीविका हा जीविताचा भाग आहे, हे न्यायालयाने मान्य केले. परंतु पदपथ अडविण्याचा हक्क कोणालाही नाही, असेही ठरविले. आता विचार करा. ज्या न्यायाने निराश्रिताची झोपडी हलते, त्या न्यायाने मोटार हलू नये काय?

तर मग कामगार सुटला, असे म्हणावयाचे काय? इतकी घाई नको. १८४२ साली इंग्लंडात एक खटला चालला. एका माणसाने आपल्या गाढवाचे पुढचे पाय बांधून त्याला हमरस्त्याच्या कडेला चरावयास सोडले होते. तीन घोड्यांची एक मालगाडी उतारावरून भरधाव आली आणि गाढव मेले. गाडीवाल्याकडून सांगण्यात आले की, गाढव रस्त्यावर असावयासच नको होते. न्यायाधीशांनी म्हटले, तसे असले तरी साध्या सावधगिरीने ते वाचविता आले असते. नाही तर रस्त्यावर झोपी गेलेल्या माणसावरून गाडी नेणेही योग्य ठरेल. गाडीवाल्याला भरपाई द्यावी लागली. अर्थ स्पष्ट आहे : दुसऱ्याची चूक म्हणजे आपल्याला मिळालेला परवाना नव्हे.

तेव्हा ओरखडा कसा उठला, हे विचारल्यावाचून उत्तर देता येत नाही. तीन प्रकार संभवतात. कामगाराने पुरेशी काळजी घेतली, दुसरी सुरक्षित वाटच नव्हती आणि तरीही घासले, तर दोष त्याचा नाही; नुकसान मालकाने सोसावे. वाट होती, पण त्याने बेफिकिरीने सायकल रेटली, तर दोष दोघांचा. भरपाईही ज्याच्या त्याच्या दोषाच्या प्रमाणात वाटली जावी. आणि "याला धडा शिकवितो" म्हणून मुद्दाम किल्लीने रंग खरवडला, तर तो अपघात नव्हे, आगळीक आहे. न्याय संहितेचे ३२४ वे कलम तिला गुन्हा म्हणते. मालकाचा दोष दंडास पात्र असेल. पण तो दंड वसूल करण्याचे काम कोणी आपल्या हाती सोपविलेले नाही.

पवित्र शास्त्रात मोटारी नाहीत, पण हा प्रश्न आहे. निर्गमाच्या २१ व्या अध्यायात (३३, ३४) खड्डा खणून तो उघडा ठेवणाऱ्याचा नियम सांगितला आहे. त्यात बैल किंवा गाढव पडले, तर भरपाई खड्ड्याच्या धन्याने द्यावयाची. वाटेत धोका ठेवणारा जबाबदार! पदपथावरची मोटारही आंधळ्याला, म्हाताऱ्याला, कडेवर मूल असलेल्या आईला ट्रकांपुढे ढकलणारा खड्डाच आहे. पण दोनच अध्याय पुढे (२३:४, ५) शत्रूचे चुकलेले गाढव परत नेऊन देण्याची व ओझ्याखाली दबलेले असेल तर त्याला हात देण्याचीही आज्ञा आहे. आपला वैरी चुकला, तरी त्याच्या मालाची हानी आपल्याला मोकळी झाली नाही. त्याच अध्यायात गरिबाचा म्हणून वादात पक्षपात करू नये आणि गरीब म्हणून त्याचा न्यायही बिघडवू नये, असे दोन्ही सांगितले आहे. कामगाराची पगाराची पाकीट पातळ आहे व मालकाचे जाड, यावरून दोष ठरत नाही. मात्र दोष ठरल्यावर किती मागावे, हे मालकाने दयेने ठरवावे. आपल्या चुकीने जो अडचणीत आला, त्याच्या महिन्याच्या भाकरीवर हक्क सांगताना हात थोडा थरथरला पाहिजे.

शेवटी एक अवघड गोष्ट. रविवारी उपासनेच्या वेळी आपल्याच मंदिराबाहेरचा पदपथ मोकळा असतो काय? "तासाभराचा तर प्रश्न आहे," असे आपण म्हणतो आणि शेजारची म्हातारी रस्त्यावर उतरून चालते. आत आपण शेजाऱ्यावरील प्रीतीचा पाठ वाचत असतो. तिने आपल्या गाडीवर ओरखडा काढला नाही, हा तिचा चांगुलपणा. आपला निर्दोषपणा नव्हे.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी हे उदाहरण मुलांपुढे ठेवावे आणि एकाच प्रश्नाऐवजी दोन विचारावेत : "भरपाई कोणी द्यावी?" आणि "क्षमा आधी कोणी मागावी?" पहिल्याचे उत्तर प्रत्येक वेळी तपासावे लागेल. दुसऱ्याचे मुले बहुधा आपल्यापेक्षा लवकर देतील.