मुलांची झोप कुणाची?

“अजून लोळतोयस? ऊन डोक्यावर आलं, ऊठ!” पंधरा-सोळा वर्षांचं मूल असलेल्या घरात सकाळ बहुतेक या वाक्यानेच उजाडते. त्यापुढे “आमच्या वेळी...” येतं, आणि शेवटी एक शब्द ठरलेला असतो, आळशी. हा शब्द आपण फार सहज वापरतो. आळस हा दोष आहे, म्हणजे तो ज्याच्या माथी मारला त्याला आपण दोषी ठरवलं. मग दोष खरोखर त्याचाच आहे का, हे बघायला नको?

आधी शरीराचं बघू. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप लागते, असं झोपेचे वैद्य सांगतात. आपल्याला वाटतं, मूल मोठं झालं की झोप आपोआप कमी होते. अमेरिकेत १९७० च्या दशकात मेरी कार्सकाडन या संशोधक बाईंनी स्टॅनफर्डला मुलांची उन्हाळी शिबिरं घेऊन त्यांची झोप वर्षानुवर्षं मोजली. मुलांना पुरेसा वेळ अंथरुणात राहू दिलं, तर दहा वर्षांचं आणि सोळा वर्षांचं मूल जवळजवळ सारखंच, नऊ तासांच्या आसपास झोपत होतं. वय वाढलं म्हणून गरज घटली नव्हती. उलट मोठी मुलं दिवसा जास्त पेंगत होती.

दुसरी गोष्ट, वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. रात्र झाल्याचा निरोप देणारं मेलॅटोनिन उशिरा वाढतं, आणि दिवसभराच्या जागरणाचा शीणही लहान मुलांसारखा लवकर दाटत नाही. म्हणून रात्री दहाला “झोप आता” म्हटलं तरी डोळा लागत नाही, आणि पहाटे साडेपाचला उघडत नाही. हे सरकणं विशीच्या आसपास थांबतं, मग घड्याळ परत मागे येऊ लागतं. म्हणजे उशिरा झोप येणं ही त्या वयाची प्रकृती आहे. मिसरूड फुटलं म्हणून आपण मुलाला बोल लावत नाही, याच्यासाठी मात्र लावतो.

आता हिशोब करा. शाळा साडेसातची, म्हणून उठायचं पावणेसहाला. शाळा, मग क्लास, क्लासहून यायला साडेआठ. जेवण, गृहपाठ, अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत अकरा. झाले पावणेसात तास. कमीत कमी आठ धरले तरी रोज सव्वा तासाची तूट. सहा दिवसांत साडेसात तास, जवळजवळ एक अख्खी रात्र. दर आठवड्याला मुलाची एक रात्र गायब होते, आणि रविवारी ते दहापर्यंत झोपून त्यातली थोडी भरून काढायला गेलं की आपण दारात उभं राहून ओरडतो.

ही रात्र कोण नेतं? शाळेची घंटा नेते. एक इमारत, दोन पाळ्या, म्हणून कुणीतरी सकाळी लवकर यायचंच. गाव नेतं. बेळगावच्या आसपासच्या खेड्यांतून पीयूसीला येणारं मूल शाळेच्या नव्हे, एसटीच्या वेळेला उठतं. घरही नेतं. दोन खोल्यांत सहा माणसं, एकच टीव्ही, वडील रात्रपाळीहून आले की दिवा लागणार, डास, भिंतीपलीकडचा मिक्सर. अशा घरात झोपेची ‘शिस्त’ सांगणं सोपं, पाळणं अवघड.

मुलीचं तर आणखी वेगळं. नळाला पाणी पहाटे येणार असेल तर भाऊ झोपलेला राहतो आणि बहीण उठते. रात्री जेवणं झाल्यावर भांडी तिची, सकाळी डब्याला हातभार तिचा. “मुलीच्या जातीने इतकं झोपू नये” हे वाक्य मी अजून ऐकते. झोपेला जात नसते हो, पण झोप कुणाला वाट्याला यावी हे मात्र घरात ठरलेलं असतं.

मोबाईलचं नाव मी मुद्दामच मागे ठेवलं. त्याचा दोष आहेच. उजेड डोळ्यांत जातो, आणि त्याहून वाईट म्हणजे मन भरतच नाही. तिथे मुलाचीही जबाबदारी आहे, ती त्याला सांगितलीच पाहिजे. पण रात्री अकरानंतर वर्गाच्या ग्रुपवर उद्याचा प्रोजेक्ट कोण टाकतं? आणि उशाशी फोन घेऊन आधी कोण निजायला लागलं, घरातली मोठी माणसं की मुलं?

एक कारण तर कुणाच्या लक्षातच येत नाही, सूर्याचं. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळच्या रेखांशावरून ठरते. बेळगावचा सूर्य तिच्यापेक्षा साधारण अर्धा तास मागे असतो. म्हणजे आपलं घड्याळ सात म्हणतं तेव्हा आपल्या आभाळात साडेसहाच वाजलेले असतात. मौलिक जगनानी या अर्थशास्त्रज्ञाने भारतातल्या मुलांचा याच अंगाने अभ्यास केला. सूर्यास्त तासाभराने उशिरा होतो तिथे मुलं सुमारे अर्धा तास कमी झोपतात, कारण निजणं उजेडाबरोबर लांबतं, शाळा मात्र लांबत नाही. आपण जैन घरातली माणसं पंचांगात सूर्यास्त बघून ताट वाढतो. पोटासाठी सूर्य पाळतो आणि मुलाच्या झोपेसाठी घंटा.

आता मूळ प्रश्नाकडे येते. झोप हा प्रमाद आहे, असं आपल्याकडे सांगितलं जातं, आणि ते खोटं नाही. पंधरा प्रमादांत निद्रा आहे. दर्शनावरणीय कर्माच्या नऊ भेदांत पाच निद्रेचेच. पण त्याच परंपरेत पूज्यपाद आचार्यांनी सर्वार्थसिद्धीत निद्रेचा अर्थ सांगताना थकवा घालवण्यासाठीची झोप असंच म्हटलं आहे. आणि प्रचला, म्हणजे बसल्याबसल्या येणारी डुलकी, तिच्या कारणांत शोक आणि श्रम सांगितले आहेत. पहिल्या तासाला बाकावर मान टाकणारं मूल आठवा. त्याची ती डुलकी श्रमाची की उनाडपणाची?

मुनी थोडं झोपतात, जमिनीवर झोपतात. ते त्यांनी स्वतः जाणून घेतलेलं व्रत आहे. व्रत घ्यायचं असतं, लादायचं नसतं. दुसऱ्याने लादलेलं जागरण म्हणजे तप नव्हे, त्याला दुसरं नाव आहे. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आहेत. बांधणं, मारणं, अवयव तोडणं, झेपेल त्याहून जास्त ओझं लादणं, आणि अन्नपाणी रोखणं. शेवटचे दोन पुन्हा वाचा. शरीराला जे हवंच आहे ते अडवून धरणं आणि वर ओझं टाकणं, या दोन्हीत हिंसा आहे. बैलाबद्दल हे आपल्याला लगेच पटतं. दप्तर घेतलेल्या मुलाबद्दल पटायला वेळ लागतो, कारण त्याचं भलं आपल्या मनात असतं. पण भलं मनात असल्याने ओझं हलकं होत नाही.

“आम्ही नाही का पहाटे उठलो?” हा शेवटचा आक्षेप. उठलात. पण दिवेलागणीनंतर तासा-दोन तासांत गाव निजत होतं. आपल्या म्हणीतही लवकर निजणं आधी येतं, उठणं नंतर. आपण म्हणीचा पुढचा अर्धा भाग तेवढा ठेवला.

आणि यातलं बरंच बदलता येतं. सिअ‍ॅटल शहराने २०१६ साली मोठ्या मुलांच्या शाळा ७.५० ऐवजी ८.४५ ला सुरू केल्या. मुलं तेवढीच उशिरा निजतील अशी भीती होती. मोजल्यावर दिसलं, ती रोज सरासरी ३४ मिनिटं जास्त झोपू लागली. महाराष्ट्र शासनानेही २०२४ मध्ये शाळेची वेळ सकाळी ९ किंवा त्यानंतरची ठेवायला सांगितलं, पण चौथीपर्यंतच्या मुलांसाठी. लहानग्यांची दया आली, चांगलंच झालं. मात्र ज्यांचं शरीरच उशिरा झोपायला सांगतं, ते आठवी-दहावीचे तसेच राहिले.

शाळेची वेळ एकट्या आईच्या हातात नसते. पालकसभेत हा विषय काढणं मात्र असतं. पाण्याची पाळी भावा-बहिणीत वाटणं असतं. दहानंतर घरातले सगळे फोन, आपलेही, एका टोपलीत ठेवणं असतं. दोनांतला एक क्लास खरंच लागतो का, हे विचारणं असतं. आणि एवढं करूनही रविवारी मूल उशिरापर्यंत झोपलंच, तर त्याच्या अंगावरचं पांघरूण ओढण्याआधी त्या आठवड्यात त्याची एक रात्र कुणी नेली, हे मनाशी मोजून बघणं.