गळ आणि मर्यादित अहिंसा

हिंसा पूर्णपणे टळत नसेल तर ती कमी करण्याला नैतिक मूल्य आहे काय, हा प्रश्न भारतीय दर्शनांनी मासेमाराच्या उदाहरणातूनही तपासला आहे. पतंजलींच्या योगसूत्रांवरील व्यासभाष्यात, केवळ मासेच मारणारा आणि अन्य प्राण्यांना इजा न करणारा मत्स्यबंधक हा ‘जात्यवच्छिन्न’ अहिंसेचा, म्हणजे प्राण्यांच्या एका जातीचा अपवाद ठेवून पाळलेल्या अहिंसेचा, नमुना म्हणून येतो. जाती, देश, काळ आणि समय (विशिष्ट प्रसंगाची अट) यांपैकी कोणतीही मर्यादा न ठेवता पाळलेली अहिंसाच ‘महाव्रत’ ठरते.

महाराष्ट्रात बुलढाणा जिल्ह्यातील लोणारशीही अहिंसेच्या विचाराचा तेराव्या शतकातील एक धागा जुळतो: महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधरस्वामी यांच्या लोणार येथील वास्तव्याच्या लीळा म्हाइंभटांच्या ‘लीळाचरित्रा’त आहेत, आणि आश्रयाला आलेला ससा त्यांनी पारध्यांच्या हाती दिला नाही, ही लीळाही त्याच ग्रंथातील आहे. लोणारचे खारे, अल्कधर्मी सरोवर मत्स्यहीन म्हणूनच ओळखले गेले. जिल्ह्यातील मासेमारी खडकपूर्णा, नळगंगा यांसारख्या गोड्या पाण्याच्या जलाशयांत चालते आणि ती उपजीविकेसाठी असल्याने तिची नैतिक बाजू व्यासभाष्यातील मत्स्यबंधकाच्या जवळची आहे.

कोकण किनाऱ्यावर छंद म्हणून होणाऱ्या ‘स्पिनिंग’चे, म्हणजे काठी व रीळ वापरून ल्युअर हे कृत्रिम आमिष दूर फेकून ओढत आणण्याच्या पद्धतीचे, स्वरूप वेगळे आहे. श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात, ज्यावर एकनाथांनी ‘एकनाथी भागवत’ रचले, अवधूत माशाला गुरू मानतो, कारण जिभेच्या लोभाने गळाला लागलेला मासा रसनेवरील संयम शिकवतो. परंतु धातूच्या किंवा प्लास्टिकच्या ल्युअरला चवच नसते, ते चकाकी, आकार आणि हालचाल यांनी माशाला फसवते, आणि म्हणून मृत्यूचा दोष माशाच्या लोभावर टाकण्याची सोय येथे उरत नाही. फसवणूक पूर्णपणे मानवनिर्मित असल्याने तिची जबाबदारीही माणसाकडे येते.

ही जबाबदारी गळ बसवण्याच्या तंत्रात प्रत्यक्ष दिसते. अनेक ल्युअरना मुळात ‘ट्रेबल’, म्हणजे एका दांड्याला तीन टोके असलेले, गळ असतात. ते माशाच्या जबड्यात आणि कल्ल्यांत एकाच वेळी रुतू शकतात व सोडवताना जखम वाढवतात. त्यांच्या जागी स्प्लिट रिंग या दुहेरी वेढ्याच्या कडीत एकेरी गळ अडकवला आणि टोकाजवळचा उलटा काटा, म्हणजे ‘बार्ब’, पक्कडीने दाबून सपाट केला, तर मासा लवकर सुटतो आणि पाण्यात परत सोडल्यावर जगण्याची शक्यता वाढते. मात्र गळाचे वजन बदलल्याने ल्युअरची चाल बिघडू नये, एवढी दक्षता घ्यावी लागते.

योगसूत्रे हिंसेचे मृदू, मध्य आणि अधिमात्र, म्हणजे सौम्य, मध्यम आणि तीव्र, असे भेद करतात, तसेच स्वतः केलेली, करवलेली व अनुमोदिलेली असे हिंसेचे तिन्ही प्रकार दुःखाला कारण ठरतात असे सांगतात. या दुहेरी मापाने पाहता काटा दाबलेला एकेरी गळ हिंसेला अधिमात्राकडून मृदूकडे नेतो, तिला अहिंसा करत नाही. आणि पोटासाठी जाळे टाकणाऱ्याला मिळणारी सवलत करमणुकीसाठी गळ टाकणाऱ्याला मिळत नसल्याने, त्याच्या बाबतीत असा गळ हे पुण्य नसून किमान कर्तव्य आहे.