वंचित राहिलेला रुग्ण : दया की हक्क?

हजरत उमर (र.) यांच्या खिलाफतीत बैतुलमालमधून (सार्वजनिक कोषागारातून) लहान मुलांना वृत्ती मिळत असे. मात्र तिला एक अट होती : मुलाचे अंगावरचे दूध सुटलेले असावे. एका रात्री मदीनेत उतरलेल्या व्यापाऱ्यांच्या तांड्यावर पहारा देत असताना खलिफांना एका तान्ह्याचे रडणे वारंवार ऐकू आले. चौकशी केली तेव्हा कळले की वृत्ती लवकर सुरू व्हावी म्हणून आई त्याचे दूध वेळेआधीच तोडत होती. समोर कोण उभे आहे, हे तिला ठाऊक नव्हते. इब्ने साद यांनी नोंदविलेल्या वृत्तांतानुसार त्या पहाटेच्या नमाजमध्ये खलिफांना इतके रडू कोसळले की लोकांना त्यांचे पठण नीट उमगेना. त्यानंतर त्यांनी घोषणा करविली की यापुढे प्रत्येक मुलाला जन्मापासूनच वृत्ती मिळेल.

या प्रसंगातून आपण बहुधा खलिफांच्या कोमल हृदयाचाच बोध घेतो. परंतु त्या एका आईला खासगीत काही देऊन त्यांनी विषय संपविला नाही, ही गोष्ट अधिक मोलाची आहे. उणीव नियमात होती, म्हणून त्यांनी नियमच बदलला.

आपल्या देशातील आरोग्य विम्याकडे याच दृष्टीने पाहावयास हवे. २०१८ मध्ये सुरू झालेली आयुष्मान भारत योजना पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण देते. परंतु ही पात्रता मुख्यतः २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेवरून ठरली. कामगार राज्य विमा योजनेत मासिक वेतनाची मर्यादा २१ हजार रुपये आहे. वेतन त्यापुढे गेले की कामगार बाहेर पडतो. सुखवस्तू माणूस स्वतःचा विमा विकत घेतो. या सर्वांच्या मध्ये जो वर्ग उरतो, तो निती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार लोकसंख्येच्या सुमारे ३० टक्के, म्हणजे जवळपास ४० कोटी आहे. छोटा दुकानदार, रिक्षाचालक, कारागीर यांची असंख्य घरे त्यात मोडतात.

येथे कोणी म्हणेल, ‘अशांसाठी जकात आणि सदका आहेच.’ निःसंशय आहे. पण या घराची अवस्था पाहा. मुलीसाठी जपलेल्या सोन्यामुळे ते निसाबचे धनी ठरते, म्हणून जकात घेऊ शकत नाही. आणि सरकारी यादीतही बसत नाही. एका शस्त्रक्रियेत ते सोने जाते, वर कर्ज होते. मग पवित्र कुरआनने जकातीचे जे आठ हक्कदार सांगितले आहेत, त्यांपैकी कर्जदारांमध्ये त्याची गणना होते. म्हणजे मदतीस पात्र होण्यासाठी त्याला आधी उद्ध्वस्त व्हावे लागते. पडलेल्याला उचलणे हे पुण्यकर्म आहे. पण त्याला पडूच न देणे हा न्याय आहे, आणि समाजाने तेथूनच आरंभ करावयास हवा.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी अशअरी कबिल्याची प्रशंसा केली, ती याच गुणासाठी. प्रवासात किंवा मदीनेत अन्नाचा तुटवडा पडला की ते लोक प्रत्येकाजवळचे अन्न एका वस्त्रावर एकत्र करीत आणि एकाच मापाने समान वाटून घेत. तेथे देणारा वरचा आणि घेणारा खालचा, असा भेदच उरत नसे. प्रेषितांनी (स.) त्यांना आपले म्हटले. व्यापारी विम्यातील व्याज आणि अनिश्चितता यांमुळे अनेक धर्मपंडित त्याला नाकारतात. परंतु १९८५ मध्ये जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने व्यापारी विमा निषिद्ध ठरवितानाच परस्पर सहकार्यावर आधारित विम्याचा मार्ग मोकळा ठेवला, तो याच भावनेने.

नियमातील फटी बुजविता येतात. महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सर्व शिधापत्रिकाधारकांना खुली करण्याचा निर्णय घेतला. २०२४ मध्ये केंद्राने ७० वर्षे व त्यावरील सर्व वृद्धांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारतमध्ये सामावून घेतले. तरीही या योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होणाऱ्यासाठी आहेत. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या आणि तपासण्या यांचा खर्च बहुतेक घरांत आजही खिशातूनच होतो. आणि तो परवडत नाही म्हणून गोळ्या सोडणारा रुग्णच पुढे अतिदक्षता विभागात पोहोचतो.

म्हणून आपले कर्तव्य दुहेरी आहे. मोहल्ल्यातील ज्याचे कार्ड निघाले नाही, ज्याला कागदपत्रे उमगत नाहीत, त्याच्यासोबत आपण कार्यालयात जावे. मस्जिदीच्या परिसरात आजारपणासाठी सामायिक निधी उभारावा. त्याचबरोबर नागरिक म्हणून नियमातील उणीव शासनाच्या नजरेस आणून द्यावी. हे गाऱ्हाणे केवळ मुस्लिमांसाठी नसावे. आजार धर्म विचारून येत नाही आणि शेजाऱ्याचा हक्कही धर्मावर अवलंबून नाही. त्या रात्री खलिफा स्वतः पहाऱ्यावर होते, म्हणून ते रडणे त्यांच्या कानी पडले. आज ते शासनाच्या कानी घालण्याचे उत्तरदायित्व आपल्यावर आहे, आणि त्याचा जाब अल्लाहसमोर आपल्यालाच द्यावा लागेल.