जोखीम नेमकी कुणाची?

नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात. कागद छापला की पैसा होत नाही, मागे कुणाची तरी हमी लागते, हे आम्हा नाशिककरांना वेगळं सांगायला नको. तरी परवा कॉलेज रोडवर चहा घेताना ओळखीतल्या एका इंजिनिअरिंगच्या मुलाने मोबाईल माझ्यापुढे धरला. "काका, दोन लाख टाकले होते. आता सोळा हजार." क्रिप्टो नाणं मॅटिक, घेतलं २०२१ च्या डिसेंबरात, ऐन तेजीत. घरी अजून सांगितलेलं नाही म्हणाला.

मॅटिक मुंबईतलं. जयंती कनानी, संदीप नैलवाल आणि अनुराग अर्जुन यांनी २०१७ मध्ये इथेरियम या ब्लॉकचेनवरचे व्यवहार स्वस्त आणि झटपट व्हावेत म्हणून हे काम सुरू केलं. एप्रिल २०१९ मध्ये बायनान्स या क्रिप्टो बाजारात टोकन, म्हणजे हेच नाणं, विकून सुमारे ५० लाख डॉलर उभे केले. २०२१ मध्ये कंपनीचं नाव पॉलिगॉन झालं. फेब्रुवारी २०२२ मध्ये, पुन्हा टोकन विकूनच, ४५ कोटी डॉलर आले. त्याच वर्षी नैलवाल यांनी केन्झी वँग यांच्यासोबत सिम्बॉलिक कॅपिटल हा ५ कोटी डॉलरचा फंड काढला. काल भांडवल मागत फिरणारा आज भांडवल वाटू लागला.

नैलवाल यांना नशीबवान म्हणून मोकळं होणं अन्यायाचं आहे. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना क्रिप्टोचे व्यवहार बंद करायला लावले आणि सुप्रीम कोर्टाने ते परिपत्रक मार्च २०२० मध्ये रद्द केलं. मधली दोन वर्षं या धंद्यात तग धरणं सोपं नव्हतं. तंत्रही पोकळ नाही. गडचिरोलीतल्या एटापल्लीत जातीचे दाखले पॉलिगॉनवर नोंदवले गेले, दाखला खरा की बनावट हे कुणालाही तपासता यावं म्हणून. जातीच्या दाखल्यासाठी ज्याने तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या आहेत, त्याला याचं मोल कळेल.

माझा आक्षेप क्रमाला आहे. टोकन विकलं २०१९ मध्ये, व्यवहार चालवणारं मुख्य जाळं सुरू झालं २०२० मध्ये. बाग लावण्याआधी द्राक्षांच्या पावत्या विकाव्यात आणि मग पावत्यांचाच बाजार भरावा, तशातला हा प्रकार. दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीत विलास शिंदे आणि शेतकऱ्यांनी उभी केलेली सह्याद्री फार्म्स बघा. तिच्याकडे युरोपातल्या गुंतवणूकदारांचे ३१० कोटी रुपये आले तेही २०२२ मध्येच, पण त्याआधी दशकभर द्राक्षांचे कंटेनर परदेशी गेलेले होते. पॉलिगॉनला त्या वर्षी मिळालेली रक्कम याच्या दहापट. दोन्हींची तुलना होत नाही असं कुणी म्हणेल. मला ती केल्याशिवाय राहवत नाही.

जोखमीचा विषय निघाला की नाशिकचा पैसा भित्रा आहे, असं नेहमी ऐकू येतं. मला पटत नाही. २०१४ मध्ये इथल्या केबीसी कंपनीचा गुंतवणूक घोटाळा बाहेर आला, तेव्हा कळलं की लोकांनी पैसे तिप्पट होण्याच्या आशेने निवृत्तीची पुंजीसुद्धा ओतली होती. जोखमीचं आम्हाला वावडं नाही, फक्त ती कुणी जोखीम म्हणून सांगितलेली आवडत नाही. गंगापूर रोडला प्लॉट, थोडं सोनं, आणि 'खात्रीची' एखादी स्कीम. शेजारच्या पोराच्या कंपनीत दहा लाख घाला म्हटलं की चहा गार होईपर्यंत कुणी बोलत नाही.

इथे व्हेंचर गुंतवणूकदाराचा गुण मान्य करायला हवा. दहा कंपन्यांत पैसे घातले तर बहुतेक बुडणार, हे तो आधीच धरून चालतो. एखादी तरली की तिने बाकीच्यांचं भरून काढायचं. बुडवणाऱ्या पोराला तो दारात उभंही करतो. आमच्याकडे एकदा धंदा बुडाला की सोयरिकीच्या बोलण्यातसुद्धा तो विषय निघतो.

पण नैलवाल यांच्याबाबतीत हे शहाणपण ज्या पैशावर उभं आहे, तो पैसा आला कुठून? टोकन घेणाऱ्या हजारो लोकांकडून. त्यांना मालकीचा शेअर मिळाला नाही, संचालक मंडळात माणूस बसवता आला नाही, ताळेबंद मागता आला नाही. त्यातल्या कित्येकांना आपण जोखीम घेतोय हेही ठाऊक नव्हतं, ते भाव बघत होते. फंड काढणारा जोखीम घेतो ती दुसऱ्या खेपेला. पहिल्या खेपेची बरीचशी त्या मुलासारख्यांनी घेतली होती. म्हणून अशी कारकीर्द पोरांपुढे आदर्श म्हणून ठेवताना माझी जीभ अडखळते.

फंडाचे नऊ तोटे दहावा नफा भरून काढतो. त्या मुलाने उद्या दुसऱ्या नाण्यात कमावलं, तर नफ्यावर ३० टक्के कर द्यावा लागेल. मॅटिकमधले एक लाख चौऱ्याऐंशी हजार मात्र त्यातून वजा होणार नाहीत. १ एप्रिल २०२२ पासूनचा नियमच तसा आहे: एका नाण्यातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वळता करता येत नाही आणि पुढच्या वर्षीही ओढता येत नाही.